गिटार उशिरा का वाजते आणि पॅड तिला का गिळतो

प्रश्न थोडक्यात असा: जवळ इलेक्ट्रिक गिटार आहे, तीन-चार वर्षांचा हात आहे, ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे. पिन बदलून गिटार लॅपटॉपच्या माइकच्या भोकात लावली, एक फुकटचा अ‍ॅम्प प्लगइन टाकला, तीन सिंथ (कॉम्प्युटरच्या आतच आवाज घडवणारी वाद्यं) उतरवले. आता तार छेडली की आवाज मागाहून येतो, येतो तोही डास गुणगुणल्यासारखा, आणि सिंथवर पॅड (मागे लांबत राहणारा भरीव आवाज) लावला की गिटार दिसेनाशी होते. २० हजारांत काय घ्यावं आणि कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?

सॉफ्टवेअरचं उत्तर एका ओळीत देता येतं, म्हणून ते आधी. रेकॉर्डिंगला रीपर घ्या. ६० दिवस पूर्ण रूपात वापरून बघता येतं, जुन्या लॅपटॉपवरही हलकं चालतं. मॅक असता तर गॅरेजबँड म्हटलं असतं. ऑडिओ इंटरफेससोबत (गिटार लॅपटॉपला जोडणारी डबी, तिच्याबद्दल पुढे येतंच) एबलटन लाइव्ह लाइट किंवा तत्सम काही फुकट मिळालं आणि ते हाताला बसलं, तर तेही चालेल. तुमच्या तिन्ही तक्रारींपैकी एकही सॉफ्टवेअर बदलून जाणार नाही.

खरी अडचण वेगळी आहे. गिटार आणि सॉफ्टवेअर सिंथ हे कॉम्प्युटरच्या लेखी एका जातीचे नाहीत. गिटार हा बाहेरून तारेतून येणारा आवाज आहे. तो आत येणार, त्याचे आकडे होणार, त्यावर प्रक्रिया होणार आणि मग तो हेडफोनमध्ये जाणार. सिंथला बाहेरून फक्त हुकूम येतो, 'स्वर क्रमांक ६०, इतक्या जोरात, आता सुरू', बाकी सगळं मशीन आतच घडवतं. म्हणून सिंथ पहिल्या दिवशीच सुरात आणि लयीत वाजतो आणि गिटार रडते. काम करायचं ते गिटारच्या वाटेवर आणि या दोघांची गाठ पडते त्या जागांवर.

वीस हजारांपैकी मोठा वाटा ऑडिओ इंटरफेसला द्या. लॅपटॉपचं माइकचं भोक गिटारसाठी बनलेलंच नाही. गिटारच्या पिकअपला (तारेची थरथर पकडणारा भाग) समोर सुमारे १ मेगओहम इनपुट इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, लागतो. माइक इनपुट त्या मानाने फारच कमी देतो, त्यामुळे पिकअपवर ओझं येतं आणि तारेची धार, म्हणजे वरचे स्वर, तिथेच मरतात. इंटरफेसवर 'इन्स्ट्रुमेंट', 'हाय-झी' किंवा नुसतं गिटारचं चित्र असलेलं बटण असतं ते यासाठीच. ते दाबायला विसरलात तर महागडा इंटरफेसही मळकट वाजेल. फोकसराइट स्कारलेट सोलो, बेहरिंगर यूएमसी २०२ एचडी, मोटू एम२, यांपैकी बजेटमध्ये बसेल तो घ्या. यांच्या आवाजात फरक आहे, पण तुमच्या पहिल्या वर्षात तो ऐकू येण्याइतका नाही. बघायची गोष्ट एकच: कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाज कमी उशिरात आत-बाहेर नेणारं सॉफ्टवेअर) आहे ना? सगळ्यात स्वस्त इंटरफेसपैकी काहींना तो नसतो. मग एएसआयओफोरऑलसारख्या सार्वत्रिक ड्रायव्हरवर भागवावं लागतं, आणि वाचवलेल्या पैशांची किंमत उशिरात मोजावी लागते.

आता तो उशीर. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने नाही, बादलीबादलीने उचलतो. बादलीचा आकार म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने, म्हणजे सॅम्पल) १२८ सॅम्पलचा बफर भरायला २.७ मिलिसेकंद लागतात, ५१२ ला १०.७. एक बादली आत येताना, एक बाहेर जाताना, शिवाय कन्व्हर्टर आणि यूएसबीची थोडी राखीव जागा. म्हणजे १२८ वर जाऊन-येऊन साधारण ७ ते १० मिलिसेकंद होतात. हे किती? हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. १० मिलिसेकंद म्हणजे साडेतीन मीटरवर ठेवलेला अ‍ॅम्प. स्टेजवर वाजवणारे हे रोज झेलतात. ५१२ वर मात्र तोच अ‍ॅम्प आठ-नऊ मीटर लांब, हॉलच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि हात अडखळतो.

म्हणून गिटार घेताना बफर १२८ ठेवा. लॅपटॉप झेपवत असेल तर ६४. घेऊन झालं आणि मिक्सला बसलात की १०२४ करा, कारण तेव्हा उशिराने काही बिघडत नाही आणि मशीनला दम घ्यायला जागा मिळते. १२८ वर टकटक, चिरचिर ऐकू आली तर लगेच नवीन लॅपटॉपकडे बघू नका. आधी वाय-फाय बंद करा, विंडोजचा पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर न्या, इंटरफेस हबमधून काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा, आणि जे सिंथ ट्रॅक तयार आहेत ते 'फ्रीझ' करा. फ्रीझ केलं की सिंथची साधी ऑडिओ फाइल होते आणि प्रोसेसरवरचा भार उतरतो. आणखी एक गंमत नेहमी होते: विंडोजमध्ये ४८ किलोहर्ट्झ आणि प्रोजेक्टमध्ये ४४.१. मग सूर हलतो, ट्रॅक घसरतो किंवा इंटरफेस मुकाट बसतो. सगळीकडे एकच आकडा ठेवा. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट एवढं पुरे. ९६ च्या मोहात पडलात तर फाइल दुप्पट होतील, गाणं तेवढंच राहील.

ऐकू येणारा उशीर गेला तरी एक न ऐकू येणारा उरतो. तुम्ही क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) बरोब्बर वाजवलं, पण रेकॉर्ड झालेली लहर क्लिकच्या मागे पडलेली दिसते. सॉफ्टवेअर ड्रायव्हरला विचारून हा फरक आपोआप मागे ओढतं, पण ड्रायव्हर नेहमी खरं सांगतोच असं नाही. तपासायला पाच मिनिटं लागतात. इंटरफेसच्या आउटपुटमधून एक केबल त्याच्याच इनपुटमध्ये लावा. एका ट्रॅकवर क्लिकची फाइल ठेवा आणि ती दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. या ट्रॅकचं मॉनिटरिंग, म्हणजे रेकॉर्ड होतानाच ऐकवणं, बंद हवं, नाहीतर शिट्टी वाजेल. मग पूर्ण झूम करून दोन टोकांमधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. समजा नवीन टोक ९६ सॅम्पल मागे आहे. ४८ किलोहर्ट्झवर ते २ मिलिसेकंद झाले. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये रेकॉर्डिंगच्या पानावर आउटपुट ऑफसेटची जागा आहे. तिथे आकडा भरा आणि पुन्हा रेकॉर्ड करून बघा. फरक मिटण्याऐवजी दुप्पट झाला तर चिन्ह उलटं आहे. बहुतेक जण हे कधीच करत नाहीत आणि 'माझी लय कच्ची आहे' असं धरून चालतात.

डायरेक्ट मॉनिटरचं बटणही बघून घ्या. ते चालू असलं की कोरडी, म्हणजे प्रक्रिया न झालेली, गिटार थेट कानात येते आणि तिच्यामागे प्लगइनमधून आलेली येते. दोन गिटार एकावर एक, मधे पोकळ घुमल्यासारखं. अ‍ॅम्प प्लगइनमधून ऐकायचं असेल तर ते बंद. आणि ब्लूटूथ हेडफोन या कामाला अजिबात नकोत. त्यांचा उशीर सहज शंभर मिलिसेकंदांच्या पुढे असतो. वायरचे, बंद कपांचे हेडफोन घ्या. ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम४०एक्सच्या आसपासचं काहीही चालेल.

डासाकडे येऊ. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) लावलं की आवाजात वरपर्यंत, अगदी १०-१५ किलोहर्ट्झपर्यंत कचरा तयार होतो. खऱ्या अ‍ॅम्पमध्ये तो ऐकू येत नाही, कारण गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने झोपतो. त्याचं हे झोपणं म्हणजेच आपण ज्याला गिटारचा टोन म्हणतो त्याचा अर्धा भाग. तुमच्या प्लगइनमध्ये फक्त अ‍ॅम्प आहे, स्पीकरची पेटी नाही, किंवा असून बंद आहे. 'कॅब' नावाचा भाग चालू करा. नसेल तर अ‍ॅम्पच्या नंतर आयआर (स्पीकरच्या पेटीच्या आवाजाचा नोंदवलेला ठसा) वाजवणारा प्लगइन ठेवा (इग्नाइट अ‍ॅम्प्सचा नाडआयआर फुकट आहे) आणि त्यात कॅबिनेटची आयआर फाइल भरा. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हा प्लगइन वापरत असाल तर त्यात भरलेलं कॅप्चर, म्हणजे खऱ्या अ‍ॅम्पची नक्कल, फक्त अ‍ॅम्पचं आहे की कॅबसकट, हे वाचून घ्या. कॅबवर आणखी एक कॅब बसला की गिटार गोधडीखाली वाजल्यासारखी होते. हाही तेवढाच नेहमीचा घोटाळा.

पातळी: सगळ्यात जोरात खरडून बघा आणि शिखर उणे १२ ते उणे ८ डेसिबलच्या मधे राहील इतकाच गेन (इंटरफेसवरची आत येणाऱ्या आवाजाची पातळी) ठेवा. मीटर हिरवा, अर्ध्याच्या थोडा वर, दिसायला अगदी गरीब. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते, काही बिघडत नाही. वर मात्र शून्याला डोकं आपटलं की तो टेक गेला. प्लगइन ट्रॅकवर ठेवा, फाइल कोरडीच राहू द्या. महिन्याने कान बदलतील. कोरडी फाइल असेल तर नुसता अ‍ॅम्प बदलता येतो, पुन्हा वाजवावं लागत नाही.

घरघरीचंही आताच सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच असणार. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घरघर ५०, १०० आणि १५० वर असते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर वाजवून बघा. गेली, तर दोष चार्जरच्या वाटेत आहे. बिनअर्थिंगचा दोन पिनांचा अ‍ॅडॉप्टर बहुधा गुन्हेगार असतो. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर गिटारची जोडणी ठीक आहे, तुम्हीच अँटेना आहात. पंख्याचा टप्पे नसलेला, फिरवत न्यायचा रेग्युलेटर मधल्या जागी असला की सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याच्या, पिकअपमध्ये भुंगा शिरतो. पंखा पूर्ण किंवा बंद. मे महिन्यात हा सल्ला कुणालाच आवडत नाही. नाहीतर खुर्ची फिरवा, गिटारचं तोंड बदललं की आवाज निम्मा होणारी एखादी दिशा बहुतेक खोल्यांत सापडते. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा प्लगइन) शेवटी, आणि हलका. कडक लावला तर तो स्वरांच्या शेपट्या कापतो.

अकूस्टिक गिटार असती तर गणित बदललं असतं: एक कंडेन्सर माइक, ४८ व्होल्ट फँटम पॉवर, बाराव्या पट्टीसमोर २०-३० सेंटिमीटरवर, आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या. तुमच्याकडे इलेक्ट्रिक आहे, तेव्हा खोलीची चिंता सोडा. भिंतींना फोम चिकटवण्यात एक रुपया घालू नका.

सिंथ. तीन उतरवलेत, दोन बाजूला ठेवा. व्हायटल किंवा सर्ज एक्सटी, दोन्हींतला एक ठेवा. दोन्ही फुकट मिळतात आणि दोन्ही विकतच्यांच्या तोडीचे आहेत. प्रीसेट चाळत बसू नका. कोऱ्या, 'इनिट' पॅचवरून एक बेस आणि एक पॅड स्वतः बनवा. बेस असा: एक ऑसिलेटर (मूळ आवाज काढणारा भाग), सॉ वेव्ह (करवतीच्या दात्यांसारखी लहर), मोनो. लो-पास फिल्टर (वरचा भाग कापणारा) २४ डेसिबलचा, कटऑफ, म्हणजे कापण्याची जागा, २००-३०० हर्ट्झला. फिल्टरला एन्व्हलप (वेळेनुसार चढ-उतार ठरवणारा भाग) जोडा: अटॅक (चढायला लागणारा वेळ) शून्य, डिके (उतरायला लागणारा वेळ) २५० मिलिसेकंद, सस्टेन (पट्टी दाबून धरल्यावर टिकणारी पातळी) शून्याजवळ. दाबलं की 'डॉव' असं उघडून मिटायला हवं. कीबोर्ड नसेल तर नोट्स माउसने मांडा. २५ पट्ट्यांचा छोटा मिडी कीबोर्ड (सिंथला स्वरांचे हुकूम पाठवणारा) चांगला, पण तो दुसऱ्या महिन्यात.

पॅड: दोन सॉ वेव्ह, एक ७ सेंट चढी, एक ७ सेंट उतरी (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). लो-पास १ ते १.५ किलोहर्ट्झ, अटॅक ३०० मिलिसेकंद, रिलीज (पट्टी सोडल्यावर विरायचा वेळ) १ सेकंद. हा पॅड तुमची गिटार गिळणारच. कारण बघा. गिटारच्या मोकळ्या तारा ८२ ते ३३० हर्ट्झमध्ये आहेत. तुम्ही तोच कॉर्ड त्याच सप्तकात पॅडवर दाबता. गिटारचा स्वर छेडल्यापासून विरायला लागतो, पॅड मात्र भरत जातो, शिवाय कोरस आणि रिव्हर्बने डावी-उजवी दोन्हीकडे पसरतो. अर्ध्या सेकंदात गिटारची जागा संपली. इथे लोक इक्वलायझरला हात घालतात. मी आधी स्वर काढायला सांगेन. पॅडमधून मूळ स्वर आणि पंचम काढा, ते गिटार आणि बेसकडे आहेतच. उरतात ते एक-दोन स्वरच ठेवा, आणि तेही मिडी क्रमांक ६० च्या वर. (क्रमांकच बघा. त्याच पट्टीला काही सॉफ्टवेअर सी३ म्हणतात, काही सी४, एफएल स्टुडिओत ती सी५ दिसते.) मग हाय-पास, म्हणजे खालचा भाग कापणारा फिल्टर: पॅडला २०० हर्ट्झच्या खाली, गिटारला ८०-१०० च्या खाली. बहुतेक वेळा एवढ्यात गिटार परत दिसते.

स्वर वाटून घेण्याला दुसरंही एक कारण आहे, आणि पेटी-तानपुऱ्यावर कान तयार झालेल्यांना ते लगेच पटेल. गिटारच्या पट्ट्या समान अंतराच्या सप्तकावर बसवलेल्या असतात. तिथला शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, पंचम मात्र जेमतेम २ सेंट उतरा. स्वच्छ आवाजात हे खपतं. डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकमेकांत मिसळून तिसरेच स्वर तयार करतात आणि चढा गंधार कर्कश भांडायला लागतो. म्हणूनच जड गिटारवर फक्त सा आणि प वाजवतात, त्यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. गंधार पॅडकडे द्या. कॉर्ड कोमल आहे की शुद्ध ते पॅड सांगेल, ताकद गिटार देईल. दोघांनाही काम मिळालं.

सुरात लावण्याबद्दल: प्रत्येक टेकच्या आधी ट्यूनर बघा, दर गाण्याला एकदा नाही. जोरात छेडलं की सुरुवातीला तार चढते, म्हणून ज्या जोराने वाजवणार त्याच जोराने लावा. बाराव्या पट्टीवरचा स्वर आणि तिथलाच हार्मोनिक जुळत नसेल तर ब्रिजवरचे स्क्रू फिरवून घ्या. सिंथ कधी बेसूर होत नाही, त्यामुळे शेजारी गिटारची प्रत्येक चूक उघडी पडते. पावसाळ्यात तारा लवकर गंजतात आणि गंजलेली तार धड सुरात राहत नाही.

गायक सोबत असेल तर तो 'काळी एक' म्हणेल, 'सी शार्प' नाही. काळी एक म्हणजे पहिल्या पट्टीवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) आणि सीचे कॉर्ड-आकार, किंवा चौथीवर कॅपो आणि एचे आकार. काळी चार: पहिलीवर कॅपो, जीचे आकार. काळी पाच: तिसरीवर कॅपो, जीचे आकार. कॅपो लावल्यावर पुन्हा सूर तपासा, तो तारा थोड्या चढवतोच. आणि घरातली जुनी पेटी रेकॉर्डिंगमध्ये येणार असेल तर पेटीला ट्यूनर दाखवून उपयोग नाही, तिचे रीड काही तुम्ही घासत बसणार नाही. उलट करा. पेटी किती सेंट हललेली आहे ते मोजा. ८ सेंट चढी निघाली तर तिचा ए सुमारे ४४२ हर्ट्झ. ट्यूनरचा आधारस्वर ४४२ करून गिटार लावा आणि सिंथचं मास्टर ट्यूनिंग ८ सेंट वर घ्या.

लयीतही दोघांची गाठ पडते. सिंथच्या नोट्स माउसने मांडल्या की त्या ग्रिडवर सुतासारख्या बसतात. गिटारवर एक डाउनस्ट्रोक सहा तारांवरून जायला सहज २०-३० मिलिसेकंद घेतो, म्हणजे खर्जाची तार समेवर आणि बारीक तार समेनंतर. त्यामुळे बेस पुढे पळतोय असं वाटतं. गिटार कापून ग्रिडवर बसवू नका, बेसच्या नोट्स १० मिलिसेकंद मागे ओढून ऐका. कीबोर्डवर वाजवलेलं असेल तर क्वांटाइझ (नोट्स आपोआप ग्रिडवर ओढणं) १०० टक्के न करता ६०-७० वर थांबा. पॅडचं उलट: त्याचा अटॅकच ३०० मिलिसेकंदांचा, तेव्हा समेवर सुरू केला तर समेला तो ऐकूच येत नाही. त्याच्या नोट्स ८०-१०० मिलिसेकंद आधी सुरू करा.

पहिलं काम म्हणून १६ बार घ्या, ९० बीपीएम (मिनिटाला ९० ठोके), ४/४. पाऊण मिनिटसुद्धा होत नाही. दोन बारचा काउंट-इन (वाजवण्याआधीची मोजणी) ठेवा, साधे ड्रम, बेस, मग गिटार दोनदा. दोनदा म्हणजे खरोखर दोनदा वाजवायची, एक टेक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर रुंदी येत नाही, तो मधोमधच वाजतो, फक्त मोठा. आणि कॉपी थोडी सरकवून फसवायला गेलात तर मोनोमध्ये, म्हणजे फोनच्या स्पीकरवर, मधले स्वर खाल्ले जातात. बेस मधोमध. पॅड शेवटी, आणि इतका हळू की म्यूट केल्यावरच तो होता हे कळावं.

फाइल २४ बिट वेव्हमध्ये काढा, शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. आवाज मोठा करण्याची घाई आता नको, स्पॉटिफाय आणि यूट्यूब मोठ्याने आलेलं गाणं उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या जोराचं एकक) आसपास खाली ओढतात.

इंटरफेस आल्यावरही उशीर जाणवला तर चार गोष्टी लिहून कळवा: इंटरफेसचं मॉडेल, बफर, सॅम्पल रेट, आणि रीपरमध्ये वर उजव्या कोपऱ्यात मिलिसेकंदाचे जे दोन आकडे दिसतात ते. त्यावरून दोष ड्रायव्हरचा आहे की ट्रॅकवर ठेवलेल्या एखाद्या प्लगइनचा, हे सांगता येईल.